‘देवाच्या हातात आहे’ हे उत्तर मंडळीसमोर द्या

सरळ मुद्द्यावरच येतो. जो माणूस येशूवर विश्वास न ठेवता मेला तो नरकात जातो आणि तिथल्या यातनांना शेवट नाही, हजार वर्षांनी नाही, लाख वर्षांनी नाही, कधीच नाही, ही शिकवण आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, अजून दिली जाते. कुठे रविवारच्या उपदेशात, कुठे उज्जीवन सभेत, कुठे एसटी स्टँडवर हातात कोंबलेल्या पत्रिकेत. रुंद रस्ता आणि अरुंद रस्ता असं ते मोठं रंगीत चित्र, रुंद रस्त्याच्या शेवटी ज्वाळा, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी संडे स्कूलमध्ये बघितलेलं असेल. माझं म्हणणं असं आहे की जगातल्या अनेक मोठ्या चर्चेसनी यावर गेल्या दीडशे वर्षांत फेरविचार केलाय, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयात, शिकून आलेल्या आपल्या पाळकांना ते चांगलं माहितीय, खाजगीत ते तसं बोलतातही, पण मंडळीसमोर कोणी सांगत नाही. हे गप्प बसणं बंद झालं पाहिजे.

आणि आपल्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाहीये हो. युरोपातल्या ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्मा न घेतलेला पूर्वज शोधायला हजार-बाराशे वर्षं मागं जावं लागेल, आपल्याला तीन-चार पिढ्या पुरतात. पणजोबांचं नाव माहिती असतं, गाव माहिती असतं, कुठल्या देवाला नवस बोलायचे तेही घरात सांगितलेलं असतं. वर आपली अर्धी भावकी आजही हिंदू किंवा बौद्ध आहे, लग्नाकार्याला आपण एका पंगतीत बसतो. मग नरक अनंतकाळचा आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते कोणाबद्दल म्हणतो याचा विचार नको का करायला?

१८८६ साली अमेरिकेत नेमक्या याच प्रश्नावरून मोठं भांडण झालं आणि त्या भांडणाच्या मधोमध आपल्या नगरचा एक मिशनरी होता. रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म मुंबईचा, १८४७ चा, वडीलही मिशनरीच. १८७४ मध्ये ते नगरला आले, १८७८ मध्ये तिथं थिऑलॉजिकल सेमिनरी सुरू केली. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा पुढे ज्यांच्याशी जवळून संबंध आला तेच हे ह्यूमसाहेब. तर हे रजेवर मायदेशी गेले होते. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीतले काही प्राध्यापक असं मांडत होते की ज्यांना आयुष्यात ख्रिस्ताबद्दल ऐकायलाच मिळालं नाही, त्यांना मरणानंतर आणि शेवटच्या न्यायाच्या आधी देव एक संधी देत असेल असं मानायला जागा आहे. ह्यूम स्वतः अँडोव्हरचे विद्यार्थी, माजी विद्यार्थ्यांच्या जेवणात बोलायला उभे राहिले आणि या विचाराशी आपली सहानुभूती आहे हे त्यांनी लपवलं नाही. झालं, अमेरिकन बोर्ड नावाच्या ज्या मिशन संस्थेनं त्यांना पाठवलं होतं त्यांनी त्यांचं परत जाणंच अडकवून ठेवलं. त्या वर्षी डे मॉइन शहरात बोर्डाची वार्षिक सभा झाली ती याच विषयावर गाजली. तिकडे अँडोव्हरच्या प्रोफेसर एग्बर्ट स्मिथना १८८७ मध्ये दोषी ठरवून पदावरून काढलं, तो निकाल पुढे १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रीम कोर्टानं रद्द केला. ह्यूमना शेवटी १८८७ मध्ये परत जायला परवानगी मिळाली.

आता जरा थांबून बघा की हे भांडण कोणाबद्दल चाललं होतं. ह्यूम नगरला येऊन दोनच वर्षं झाली होती तेव्हा १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला, दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली. त्यातल्या बहुतेकांनी येशूचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं. ती माणसं भुकेनं मेली आणि मेल्या क्षणी कायमच्या आगीत गेली, असं ज्या शिकवणीप्रमाणे म्हणावं लागतं ती शिकवण बोस्टनमध्ये बसून सांभाळणं सोपं होतं, पारनेर-जामखेडच्या रस्त्यावर सोपं नव्हतं. ह्यूमच्या मनात नेमकं काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही, पण ज्यानं ती माणसं बघितली होती तोच माणूस तिथं उभा राहून बोलला एवढं तर दिसतंय. चर्चेचा विषय होते ते आपले पणजोबा-खापरपणजोबा होते, आणि आज त्यांच्या पतवंडांना या प्रकरणाची साधी माहितीही कोणी दिलेली नाही याचं मला वाईट वाटतं.

ह्यूमच्या विरोधकांचा मुख्य युक्तिवाद आजही जसाच्या तसा ऐकू येतो. ते म्हणायचे की मेल्यावर संधी आहे असं म्हटलं तर मिशनकार्याची नसच कापली जाईल. मग कोण घरदार सोडून परदेशी जाईल, कोण पैसा देईल? आपल्याकडेही हेच, नरक नसेल तर सुवार्ता कशाला सांगायची. याला उत्तर म्हणून ह्यूमचं पुढचं आयुष्यच बघा ना. परत आले ते जवळजवळ चाळीस वर्षं राहिले, शाळा चालवल्या, पाळक घडवले, १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ पोरांना सांभाळलं, त्या कामासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक दिलं. ज्याला वाटत होतं की न ऐकलेल्यांना देव टाकून देणार नाही तोच माणूस सगळ्यात जास्त राबला. कोणाला आगीतून ओढून काढायचंय म्हणूनच प्रेम करायचं असतं हे मला पटत नाही. चांगली बातमी ही चांगली आहे म्हणून सांगतात, पाठीमागे धमकी लागतेच असं नाही.

याच्या उलट दुसरं उदाहरण फार जड आहे, पण ते टाळता येणार नाही. संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव गोव्यात बॉम जेझुसमध्ये आहे, जपानहून परत आल्यावर २९ जानेवारी १५५२ ला कोचीनहून त्यांनी युरोपातल्या सोबत्यांना एक लांब पत्र लिहिलं. यामागुचीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांबद्दल त्यात आहे. या लोकांनी विचारलं की आमचे आईबाप, आमचे पूर्वज, जे हे ऐकल्याशिवाय मेले, त्यांना देव नरकातून सोडवू शकत नाही का, आमच्या प्रार्थनेनं, दानानं काही होणार नाही का? झेवियरनी सांगितलं की नाही, काही होणार नाही. ते लोक रडले. आणि झेवियर लिहितात की आपल्या जिवाभावाच्या माणसांना असं उपाय नसलेल्या गोष्टीसाठी रडताना बघून मीही रडायच्या बेताला येतो. मी हे वाचतो तेव्हा मला झेवियरचा राग येत नाही. तो माणूस दगड नव्हता. त्याला त्याच्या काळच्या चर्चनं जे शिकवलं होतं तेच त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्या आधी शंभरेक वर्षं, १४४२ मध्ये, फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं लिहून ठेवलं होतं की चर्चच्या बाहेर राहून मेलेला कोणीही, यहुदी असो की इतर धर्माचा, सार्वकालिक अग्नीतच जाणार.

पण तीच कॅथलिक चर्च आज काय म्हणते? दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं १९६४ मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान माहिती झालं नाही पण जे प्रामाणिक मनानं देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात त्यांचंही तारण होऊ शकतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या जुलैत सांगितलं की नरक म्हणजे एखादी जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःला तोडून घेतलेल्याची अवस्था आहे. पोप फ्रान्सिस तर जानेवारी २०२४ मध्ये इटालियन टीव्हीवर म्हणाले की नरक रिकामा असावा असं मला वाटायला आवडतं. नरक आहे आणि तो अनंत आहे हे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात अजून आहे, ते काढलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण यामागुचीच्या त्या लोकांना आजचा कॅथलिक धर्मगुरू झेवियरसारखं उत्तर देणार नाही, देऊच शकत नाही.

प्रोटेस्टंटांकडे बघा. इंग्लंडमध्ये १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या तिथल्या वरच्या न्यायमंडळानं निकाल दिला की दुष्टांना कधीतरी क्षमा मिळेल अशी आशा व्यक्त केली म्हणून अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, पाळकाला शिक्षा करता येणार नाही. त्यावर सुमारे ११ हजार पाळकांनी सह्या करून उलट जाहीर केलं की आम्ही अनंत शिक्षा मानतो. पुढे १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत फ्रेडरिक फॅरर यांनी या अनंत यातनांच्या शिकवणीविरुद्ध प्रवचनं दिली ती सगळ्या इंग्लंडभर गाजली. हे फॅररही मुंबईतच जन्मलेले, १८३१ चे, आणि त्यांचे वडील नाशिकला मिशनरी होते. सगळ्यांचं तारण होणारच असं फॅरर म्हणत नव्हते, मरणाबरोबर प्रत्येकाचं दार कायमचं बंद होतं असं छातीठोक सांगायचा आपल्याला अधिकार नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि अगदी पक्के इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला घट्ट धरून चालणारे, ज्यांची पुस्तकं आपल्या पाळकांच्या कपाटात असतात ते जॉन स्टॉट, त्यांनी १९८८ मध्ये लिहिलं की दुष्टांचा शेवट अंतहीन यातना नसून नाश असावा याकडे माझा कल आहे. म्हणजे हे काही आजकालच्या उदारमतवाद्यांचं खूळ नाही. तसं तर तिसऱ्या शतकात ओरिजेन आणि चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी हे ख्रिस्ती धर्मपंडित शेवटी देव सगळ्यांना परत आणेल अशी आशा धरून होते, ओरिजेनच्या नावानं चाललेल्या मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला आणि पश्चिमेकडे शिक्षा अनंतच आहे हे ऑगस्टीनचं म्हणणं पक्कं बसलं, पण ग्रेगरी मात्र संतच राहिला.

मागे नात्यातल्या एका दफनाला गेलो होतो. मंडपात आमची भावकी बसलेली, निम्म्याहून जास्त लोक ख्रिस्ती नव्हतेच. पाळकांनी उपदेशात आधी मयताबद्दल चांगलं सांगितलं आणि मग आवाज चढवून म्हणाले की जे प्रभूशिवाय गेले त्यांच्यासाठी आता दार बंद आहे, तिथं रडणं आणि दात खाणं चालू आहे, तुम्ही आज निर्णय घ्या. लोक खाली मान घालून ऐकत होते. नंतर चहा फिरत होता तेव्हा नात्यातल्या एक वयस्कर मावशी पाळकांजवळ गेल्या आणि शांतपणे विचारलं, पाळकसाहेब, मग माझा बाप कुठंय? त्यांचे वडील माळकरी. गावातल्या लोकांनी नावं ठेवली तरी पोरगी शिकली पाहिजे म्हणून त्यांनीच तिला मिशनच्या बोर्डिंगात घातलं होतं, तिनं बाप्तिस्मा घेतला तेव्हाही तिला तोडलं नाही, स्वतः मात्र शेवटपर्यंत पंढरीची वारी केली. पाळक जरा गडबडले आणि म्हणाले, बाई, ते देवाच्या हातात आहे, देव न्यायी आहे.

मला ते उत्तर आवडलं. खरंच आवडलं. पण माझा प्रश्न असा आहे की हे उत्तर चहाच्या वेळी का, मघाशी मंडपात का नाही? मंडपात तर सगळं ठरल्यासारखं बोलत होते. जर ‘देवाच्या हातात आहे’ हे खरं असेल तर ‘दार बंद आहे’ हे आपण कुठल्या अधिकारानं सांगतो? आणि ‘दार बंद आहे’ हे खरं असेल तर त्या बाईला धीर द्यायला खोटं बोललो असं होतं. दोन्हीपैकी एकच काहीतरी मानलं पाहिजे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या म्हणजे किती अवघड आहे ते कळेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत करत, उपासमारीत गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे केडगावात जे काम उभं केलं ते सगळ्यांना माहितीय. आता जुन्या शिकवणीप्रमाणे मुलगी स्वर्गात आणि ज्या बापामुळे ती घडली तो कायमच्या यातनांत. मध्ययुगातला मोठा कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस, त्याच्या मोठ्या ग्रंथाला त्याच्या मरणानंतर जोडलेल्या पुरवणीत तर असंही म्हटलंय की नरकातल्या लोकांच्या यातना स्वर्गातल्यांना दिसतात म्हणजे त्यांचा आनंद वाढावा. केडगावात हजारो अनाथ बायकामुलींना जवळ घेणाऱ्या बाईनं आपल्या भुकेल्या बापाच्या यातना बघून आनंदात राहावं, हा स्वर्ग असेल का? मला हे ख्रिस्ताच्या स्वभावाशी कुठंच जुळताना दिसत नाही, ज्यानं क्रुसावरून मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली त्याच्याशी तर नाहीच नाही.

आता एक आक्षेप आहे तो मी मनापासून गंभीरपणे घेतो, कारण तो आपल्याच वस्तीतून येतो. नरक काढून टाकला तर अत्याचार करणाऱ्यांचं काय? आमच्या लोकांना गावकुसाबाहेर ठेवलं, विहिरीला हात लावू दिला नाही, बायकांवर हात टाकले, आणि हे करणारे सुखानं म्हातारे होऊन मेले, त्यांना कोर्टानं हात लावला नाही, मग देवानं पण सोडून द्यायचं का? नगर जिल्ह्यातल्या आपल्या मंडळ्या जास्त करून महार-मांग समाजातून उभ्या राहिल्या, तिथं देव न्याय करतो हे वाक्य पोकळ नाहीये, त्या वाक्यावर माणसं जगलीत. म्हणून मी न्याय काढून टाका असं म्हणतच नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की आपल्या नरकाच्या शिकवणीनं न्याय पार उलटा करून ठेवलाय. लूकच्या १६ व्या अध्यायात श्रीमंत माणूस यातनांत पडतो, का पडतो? दारात फोडांनी भरलेला लाजर पडलेला होता आणि यानं बघितलं नाही म्हणून. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी डावीकडच्यांना, म्हणजे शिक्षा होणाऱ्यांना, काय विचारलं जातं? भुकेलेल्याला खायला दिलं का, उघड्याला कपडा दिला का, तुरुंगातल्याला भेटलास का. कोणत्या धर्माचा होतास, बाप्तिस्मा कधी घेतलास हा प्रश्न त्यात नाही. येशू सगळ्यात कडक बोलला तो धर्माच्या ठेकेदारांना आणि पोट भरलेल्यांना. आणि आपण तेच शब्द घेऊन कोणाला घाबरवतोय, तर दुष्काळात मेलेल्या, विहिरीवरून हाकललेल्या आजोबांच्या नातवंडांना. पाटलाच्या वाड्यात जो न्याय जायला हवा होता तो आपण महारवाड्यातल्या मयतांवर लादला.

आणि न्याय म्हणजे शेवट नसलेला छळ असं कुठं आहे? केलेल्या पापाला माप असतं, कितीही मोठं असलं तरी माप असतं. गुन्हेगाराला त्यानं काय केलं ते पूर्ण दिसावं, ज्याचा छळ केला त्याच्यासमोर उभं राहावं लागावं, ते दुःख भोगावं लागावं, आणि त्यानंतरही जो वाईटच धरून बसेल त्याचा नाश व्हावा, हे मी मानू शकतो. मत्तय १० मध्ये आत्मा आणि शरीर दोघांचा नरकात नाश करणाऱ्या देवाला भ्या असं लिहिलंय, नाश असंच लिहिलंय. प्रकटीकरणात यातनेचा धूर युगानुयुग वर चढतो असंही आहे, मत्तय २५ च्या शेवटी सार्वकालिक शिक्षा आहे, ती वचनं मी पुसून टाकत नाही, त्यांच्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात आणि दोन हजार वर्षं झालेतही. पण मग पहिल्या करिंथकरांस पत्राच्या १५ व्या अध्यायात देव सर्वांत सर्व काही होईल असं आहे, पहिल्या पेत्रात ख्रिस्त कैदेतल्या आत्म्यांकडे जाऊन घोषणा करतो असं आहे. तीही वचनंच आहेत ना, ती उज्जीवन सभेत का ऐकू येत नाहीत? आणि आपण उपासनेत जो प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो तो नीट ऐका. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय आहे, पापांची क्षमा आहे, सार्वकालिक जीवन आहे, अंतहीन छळाचं एकही वाक्य त्यात नाही. म्हणजे अंतहीन छळ न मानणारा ख्रिस्ती नाही असं म्हणायला जागाच नाही.

लहान मुलांचा विषय थोडक्यात सांगतो कारण त्यात वादासारखं काही नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला झोपताना शेजारच्या मित्राच्या आजीबद्दल ‘ती जळत असेल का’ हा प्रश्न पडावा असं शिक्षण आपण देऊ नये. रुंद-अरुंद रस्त्याचं ते चित्र भिंतीवरून काढा.

मोठ्यांसाठी मात्र उघड चर्चा हवी. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात मुलामुलींना सांगा की अनंत यातना, शेवटी नाश आणि सगळ्यांचं पुनःस्थापन, अशी तीन मतं ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून आहेत, प्रत्येकाची वचनं ही, आणि आपली चर्च यातलं कुठलं बंधनकारक करते की करत नाही. सेमिनरीत ह्यूमचं प्रकरण शिकवा, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. ह्यूम ज्यात होते त्या जुन्या मराठी मिशनची मंडळी १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे, त्यांच्या डायसिसनं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागानं, आणि बाकीच्या पंथांनी आपापल्या ठिकाणी, हा विषय कौन्सिलमध्ये घ्यावा आणि बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आपल्या माणसांबद्दल चर्च काय मानते याचं लेखी निवेदन काढावं, मराठीत, साध्या भाषेत, दोन पानांचं चाललं तरी. ज्या पाळकांना जुनीच शिकवण बरोबर वाटते त्यांनी तसं सांगावं, कारणं द्यावीत, आम्ही ऐकून घेऊ आणि उलट प्रश्नही विचारू. पण दफनाच्या मंडपात, जिथं कोणाला उठून प्रश्न विचारता येत नाही आणि समोर दुसऱ्या धर्माची भावकी बसलेली असते, तिथं कोण कुठे गेलं याचा निकाल देणं आजपासून थांबवावं.